काळ्या बुडाची खेळणी

३ फेब्रुवारी

प्रिय भावजी,

आशीर्वाद आधीच लिहून टाकते, म्हणजे नंतर रागवायला मी मोकळी.

फोन सोडून पत्र कशाला, असं विचाराल. फोनवर तुम्ही "हो वहिनी, बरं वहिनी, ठेवू का वहिनी" एवढंच बोलता, आणि मागे तुमच्या डेपोतल्या बसची घरघर. बिघडलेल्या बसचं तुम्ही जितकं कान देऊन ऐकता तितकं माझं ऐकत नाही, हे माझं जुनं दुखणं आहे. पत्राला मध्येच 'ठेवतो' म्हणता येत नाही. बाजूला ठेवलंत तरी ते टेबलावर पडून तुमच्याकडे बघत राहतं.

आम्ही मजेत. तुमचे दादा मजेत. दुकान तिथेच आहे, झेरॉक्सवाल्यांच्या डोक्यावर. तेच लांब टेबल, तीच उत्तरेची खिडकी, स्प्रिंगांच्या त्याच बरण्या. तुम्ही गेल्यापासून फोटो काढणं, वर्णन लिहिणं, गिऱ्हाइकांना उत्तरं देणं हे सगळं माझ्या गळ्यात पडलंय, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलंय. जुनी पत्र्याची, चावी दिली की तुरुतुरु चालणारी खेळणी समुद्रापलीकडची मोठी माणसं हौसेने विकत घेतील, असं तुम्ही पहिल्यांदा म्हणालात तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता त्याच माणसांशी मी बेडकांच्या पायांवर तासन्‌तास चर्चा करते.

एक बातमी सांगायची राहिली. तुमच्याकडच्या सरकारने कराचा नियम बदललाय. आतापर्यंत लहान पुडक्यांना कोणी विचारत नव्हतं, ठरावीक किमतीच्या आतली वस्तू बिनकराची आत जायची. ती सवलत बंद. आता बदक असो की बंब, प्रत्येक पुडक्यावर कर. तोही खेळणं कुठून पाठवलं यावर नाही, तर मुळात ते बनलं कुठे यावर. शिवाय पोचवणाऱ्या कंपनीची कागदपत्रांची फी, ती दर पुडक्याला वेगळी. टपालखिडकीवरच्या बाईंना बिचाऱ्यांना स्वतःलाच काही कळेना. एक दिवस पुडकी घेतली, दुसऱ्या दिवशी परत केली, तिसऱ्या दिवशी मलाच म्हणाल्या, "तुम्हाला काही कळलं तर मला सांगा."

बाकी विशेष नाही. विक्री जरा मंदावली आहे, इतकंच. काळजी करू नका. जेवणाच्या वेळा सांभाळा.

तुमची,
वहिनी

२४ फेब्रुवारी

भावजी,

तीन ओळी! मी दोन्ही बाजू भरून लिहायचं आणि तुम्ही तीन ओळी पाठवायच्या. त्यातली एक तर पत्त्याचीच. "दादा कसा आहे ते लिहिलं नाहीत." लिहिलं होतं की! मजेत म्हणून लिहिलं होतं. तुम्हाला पटलं नाही ते बरंच झालं, कारण ते खरं नव्हतं.

विक्री मंदावलेली नाही, बसलीय. पाठवलेली पुडकी एकामागून एक परत येतायत. परत आलेल्यांसाठी मी कपाटाचा खालचा खण रिकामा केला होता, तो भरला, आता खुर्चीवर ठेवते.

बदकवाल्या आजी तुम्हाला आठवत असतील, तुम्हीच जोडलेलं गिऱ्हाईक. आयुष्यात फक्त बदकं घेणारी बाई. त्यांना पिवळ्या टोपीचं बदक पाठवलं होतं. दारात आलेल्या माणसाने बदकाच्या किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले. आजींनी त्याला पाणी दिलं, दोन गोष्टी विचारल्या आणि पुडकं परत पाठवलं. मग मला लिहिलं, "बदकाला सांगा, मी त्याच्यावर रागावलेली नाही." मी वाचून रडले. आणि बदकाला सांगितलंसुद्धा.

आता तुमच्या दादांचं. यांच्या मित्राची लिफ्ट दुरुस्तीची कंपनी आहे, त्याने यांना कामावर बोलावलंय. खोलीचा करार मेअखेर संपतो. मालक, म्हणजे खालचे झेरॉक्सवालेच, विचारायला आले तर हे म्हणाले, "बहुतेक सोडू." मला सांगताना असे हसले की बघणाऱ्याला वाटावं लॉटरी लागली. "बरं झालं गं, सुटलो एकदाचा. आता पगार महिन्याच्या महिन्याला."

भावजी, मी यांच्याशी संसार केलाय. हे हल्ली जेवताना एक अक्षर बोलत नाहीत. मीठ जास्त झालं तरी खातात. लग्न झाल्यापासून माझ्या भाजीला नावं ठेवणारा माणूस मुकाट्याने ताट साफ करतोय! परवा मी मुद्दाम मीठ घातलंच नाही. तेही खाल्लं, आणि वर "छान" म्हणाले. लिफ्टचं काम वाईट नाही, पण त्या टेबलाशिवाय हा माणूस कसा दिसेल ते मला बघायचं नाहीये.

म्हणून मी परदेशी माल पाठवणाऱ्या एका एजंटाकडे जाऊन आले. वाट आहे. पुडकी सुटी पाठवायची नाहीत. एकच मोठं खोकं तिथल्या एका माणसाच्या नावाने पाठवायचं. त्याने एकदाच कागद करायचे, एकदाच फी भरायची, कर भरायचा, आणि मग तिथल्या टपालाने घरोघरी धाडायचं. कर काही टळत नाही, पण दर पुडक्यामागची फी वाचते आणि गिऱ्हाइकाच्या दारात तमाशा होत नाही. माणूस मात्र भरवशाचा हवा. समुद्रापलीकडे माझ्या भरवशाचा एकच माणूस आहे, आणि तो सख्ख्या भावाशी बोलत नाही.

त्या पत्र्याच्या आगबोटीचं मला पुन्हा उकरून काढायचं नाही, पण काढते. तुमचं म्हणणं, गंज काढू नको, घेणाऱ्याला तो गंजच हवाय. यांचं म्हणणं, मळकं खेळणं विकणं म्हणजे पाहुण्याला खरकट्या ताटात वाढणं. बोट निघायच्या आदल्या दिवशी यांनी ती घासली, रंगवली, चकचकीत केली. तुम्हाला खूश करायला हो! गिऱ्हाइकाने ती घेतली नाही. तुम्ही चारचौघांत म्हणालात, "तू हात लावशील त्याचं वाटोळं." हे म्हणाले, "मग हात न लावणारा भाऊ शोध." आणि तुम्ही तो शोधायला थेट समुद्र ओलांडलात.

यांना न सांगता विचारते आहे. घ्याल का खोकं तुमच्या नावाने?

वहिनी

१५ मार्च

भावजी,

"वहिनी, तुमच्यासाठी काहीही. पण दादाने स्वतः विचारू दे."

वाचून आधी डोळ्यांत पाणी आलं आणि मग अशी चीड आली की पत्र दोनदा घडी घालून पुन्हा उघडलं. बरं, म्हटलं यांना आडून विचारून बघू. म्हटलं, "तिथे कोणी ओळखीचं असतं तर बरं झालं असतं, नाही?" हे म्हणाले, "त्याला गरज असेल तर तो विचारेल." अहो, त्याला कसली गरज? खोकं आपलं, खेळणी आपली, अडलंय आपलं! तुम्हा दोघांची आई एकच होती याचा दाखला कोणी मागितला तर मी हे दोन निरोप शेजारी शेजारी ठेवीन.

तुमचा रुसवा तुमच्यापाशी, मी कामाला लागले. एजंटाला प्रत्येक खेळण्याचा फोटो हवा होता, आणि ते कुठल्या देशात बनलं त्या छापाचा वेगळा. छाप दिसला नाही तर कर सगळ्यात वरच्या दराने लागेल, म्हणाला. तुम्हाला माहीतच आहे, छाप असतो बुडाशी.

मी खिडकीपाशी बसले, कॅमेरा लावला आणि बेडूक उलटा केला. बूड काळं. म्हटलं असेल एखादं. माकड उलटं केलं. काळं. आगगाडी, सायकलवाला, ढोल वाजवणारं अस्वल, पिवळ्या टोपीचं बदक. टेबलावर सगळे उताणे पडले होते आणि सगळ्यांची बुडं तव्यासारखी काळीकुट्ट. तेवढ्यात हे आले.

"हे काय चाललंय?" हे म्हणाले.

"मीच विचारते. यांची बुडं काळी का?"

"रंगवलीयत." काय तो अभिमान! "खालून ओल लागते, गंज चढतो. दोन हात दिले की कटकट मिटली. आणि ते खाली काहीबाही लिहिलेलं असतं, ते दिसायला बरं नाही."

"त्या काहीबाहीत देशाचं नाव होतं."

"असेल. कोलांट्या मारणाऱ्या माकडाला देश कशाला हवाय?"

भावजी, मला हसू आवरेना. सरकारने कायदे करावेत, एजंटाने चष्मा पुसून फोटो मागावेत, आणि माझ्या नवऱ्याने जगातल्या सगळ्या देशांना एकच काळा रंग फासून ठेवावा! मी हसतेय बघून हेही हसले. मग एकदम थांबले. बदक हातात घेऊन त्याच्या बुडावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे मी सगळ्यांचं घालवलं?"

"घालवलं नाहीत. झाकलंत."

"तेच ते," म्हणाले आणि बदक टेबलावर सरळ करून ठेवलं. चावी दिली नाही. तुम्ही इथे होतात तेव्हा फोटोआधी प्रत्येक खेळणं उलटं करून बघायचात, त्यामुळे तुमच्या धाकाने तरी बुडं वाचायची. मला काय माहीत! मी तोंडं बघून फोटो काढत राहिले, आणि हे बुडं रंगवत राहिले.

रागावू नका. यांच्यावर तर नाहीच. प्रत्येक बुडाला दोन हात दिलेत यांनी, कुणी सांगितलं नसताना, कुणाला दिसणार नसताना.

वहिनी

६ एप्रिल

भावजी,

हे रंग काढतायत.

मी सांगितलं नाही. त्या दिवसानंतर दोन-तीन दिवस खोलीत गेलेच नाहीत. मग एके सकाळी बघते तर टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं, कापसाचे बोळे, रंग मऊ करायचं औषध, लाकडाच्या तासलेल्या काड्या. जोरात घासलं तर काळ्याबरोबर खालचा छापही जायचा. म्हणून बोळा टेकवायचा, थांबायचं, काडीने जरासं उचलायचं, पुन्हा थांबायचं. घासायची सवय असलेल्या हाताला थांबायला शिकवणं सोपं नाही. पहिल्या बेडकाचा देश गेलाच. त्याच्यावर वरच्या दराने कर लागेल. हे त्याला म्हणाले, "माफ कर रे बाबा." बेडकाला लगेच माफी मिळते, बरं का भावजी.

पण बाकीचे हळूहळू उघडे पडायला लागले. आधी एक अक्षर, मग अर्धा शब्द. नुसते छाप नाहीत. आगगाडीच्या इंजिनाखाली कुण्या पोराने खिळ्याने घर काढलंय, धूर निघणारं. सायकलवाल्याखाली कुणीतरी बेरीज केलीय आणि तीसुद्धा चुकवलीय. हे प्रत्येक वेळी मला हाक मारतात, "अगं, ये, बघ!" हातातलं काम टाकून जावं लागतं. गेले नाही तर रुसतात.

अस्वल सगळ्यात शेवटी घेतलं. त्याच्या बुडाशी एक नाव कोरलेलं निघालं. ते खोडून खाली दुसरं नाव. तेही खोडून पुन्हा पहिलं. मग पुन्हा दुसरं. पत्रा फाटेल की काय इतकं खोलवर कोरलेलं. हे ते भिंगाखाली धरून किती तरी वेळ बसले.

"भाऊ असणार," म्हणाले.

"बहीण-भाऊ असतील."

"नाही. भाऊच." आणि मग काडी ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला असलं आवडायचं. तो म्हणायचा, हेच ठेव, हेच विकतं. मला वाटायचं, आळस करतोय घासायचा."

त्याला! भावजी, त्या खोलीत यांनी आपणहून तुमचा उल्लेख केलेला मी किती दिवसांनी ऐकला.

"त्याला सुट्टी मिळते का डेपोतून?" म्हणाले.

"मला काय ठाऊक? विचारा."

"तूच लिही."

"मी नाही लिहिणार."

"का?"

"माझा भाऊ आहे का तो?"

यांनी पुन्हा काडी उचलली. तेव्हा हे पत्र मी लिहिलेलं नाही असं समजा. यात विचारलेलं काही नाही, तुम्ही उत्तर द्यायचं काही नाही. फक्त एवढं सांगते की काल हे जेवताना म्हणाले, भाजी करपली. करपली नव्हती. मी इतकी आनंदले की दुसऱ्यांदा वाढली.

आणि एक, कान धरून सांगते. तुम्हीही फोन उचलू शकता. लहान आहात म्हणून बोटं झिजणार नाहीत. तुमची खूप आठवण येते, मला येते, असं सरळ लिहिते म्हणजे कोड्यात पडायला नको.

वहिनी

२३ एप्रिल

प्रिय भावजी,

तुम्ही काय बोललात ते तुम्हाला माहीत. इकडे काय झालं ते मला माहीत. म्हणून लिहून ठेवते, नाहीतर तुम्ही दोघे पुढे याच्या भलत्याच कथा सांगाल.

खोकं भरून तयार होतं. एजंटाच्या माणसाला घेणाऱ्याचं नाव आणि चालू फोन नंबर हवा होता, आजच हवा होता. मी यांना म्हटलं, "नंबर भिंतीवर लिहिलाय. मी चिकटपट्टी आणायला जाते." चिकटपट्टी घरात होती. मी कोपऱ्यापर्यंत गेले, फळवाल्याकडे उगीच भाव विचारले, काही न घेता परत आले आणि जिन्यात उभी राहिले.

"हॅलो. मी. मी म्हणजे मी. दुसरा कोण?"

मग काहीच ऐकू येईना. माझ्या मनात आलं, ठेवला. कोणी ठेवला, एवढंच कळायचं होतं.

"जेवलास का?" हे म्हणाले. "सकाळ आहे होय तिकडे? मग चहा झाला का?"

भावजी, मी जिन्याच्या पायरीवर बसले.

मग खोक्याचं निघालं. कर, फी, कागद, सगळं यांनी नीट सांगितलं, एजंटाने मला सांगितलं त्यापेक्षा नीट. मग म्हणाले, "हो हो, नावं कोरलेलं अस्वल आहे ना. तुला कोणी सांगितलं? ती लिहिते ते मला माहीत नाही असं वाटतं का तुला? तिच्या डब्यात टपालाची तिकिटं कोण आणून ठेवतं?" मला खरंच वाटत होतं की तिकिटं पुरतायत!

आणि मग एकदम आवाज चढला. मला कळेना काय झालं. "पुसून देणार? कशाला? नाही, ओल्या फडक्यानेसुद्धा नाही! फुंकर मारायची नाही, सांगून ठेवतो! आहे तसं द्यायचं, समजलं? मी शिकवतो? हो, शिकवतो! मोठा आहे मी!" तुम्ही तिकडून काय म्हणालात कोण जाणे, पण यांनी टेबलावर हात आपटला आणि वरच्या करामुळे खोक्याबाहेर ठेवलेला बेडूक आपोआप चालायला लागल्याचं जिन्यातसुद्धा ऐकू आलं. "हसू नकोस," हे म्हणाले, आणि स्वतःच हसायला लागले. असे हसले की खोकला लागला. तुमचाही आवाज फोनमधून जिन्यापर्यंत येत होता. शब्द नाही, नुसता आवाज. त्याच खोलीत असल्यासारखा.

चुकलो असं यांनी म्हटलं नाही. तुम्हीही म्हटलं नसणार. शेवटी एवढंच ऐकलं, "अस्वल विकायचं नाही. तुझ्यापाशी ठेव." आणि थोड्या वेळाने, "कर मात्र तू भरायचा. फुकट नाही देत मी कोणाला."

पुढचं सोपं नाही, ते मला कळतं. भाव वाढवावे लागणार. बदकवाल्या आजींना मी सगळं स्पष्ट कळवलं, तर त्यांनी लिहिलं की आता वर्षात कमी बदकं घेईन पण घेईन. काही गिऱ्हाइकं जातील. नियम पुन्हा बदलला तर पुन्हा डोकं धरून बसू. यांनी लिफ्टवाल्या मित्राला अजून नाही म्हटलेलं नाही, आठवड्यातून दोन दिवस येऊ का, असं विचारतायत. येऊ देत. दोन दिवस हे लिफ्टला हात लावतील, तेवढे दोन दिवस खेळणी वाचतील.

तर मी अशी जिन्यात, डोळे पुसत बसलेली, वर तुमचे दादा बोंबलतायत, आणि खालून मालक धापा टाकत वर आले. झेरॉक्सचं मशीन बंद करून आले होते.

"काय झालं हो? भांडण?"

"हो. भावाशी बोलतायत."

ते जरा वेळ ऐकत उभे राहिले. वरून "मोठा आहे मी!" पुन्हा एकदा आलं.

"मग," म्हणाले, "मेअखेर खोली सोडताय ना?"

मी म्हटलं, "आता कशी सोडणार? एवढ्या मोठ्याने भांडायला दुसरीकडे जागा कोण देईल आम्हाला?"

तुमची,
वहिनी